वाटणी, सोयरीक आणि घरातले वेड

मराठी कुटुंबांत मानसिक आजार का लपवला जातो, असे विचारले की अज्ञान आणि अंधश्रद्धा ही दोन उत्तरे ठरलेली असतात. लोकांना कळत नाही म्हणून ते लपवतात, शिक्षण वाढले की लपवणे कमी होईल, असा त्यामागचा समज. मग शिकलेल्या, शहरात दोन पिढ्या काढलेल्या घरांतही एखाद्या आत्याचा किंवा धाकट्या काकांचा विषय निघाला की बोलणे का थांबते, याचा उलगडा या उत्तरांनी होत नाही. माझे म्हणणे असे की हे मौन अज्ञानातून आलेले नाही. काय लपवायचे, कोणापासून लपवायचे आणि कधीपर्यंत लपवायचे, हे लपवणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. वेडाची किंमत घराला दोन प्रसंगी मोजावी लागे. एक वाटणीच्या वेळी, दुसरी सोयरीक जुळवताना. या दोन्ही प्रसंगांचे नियम शास्त्राने आणि पुढे कायद्याने घालून दिले होते. घराघरांतली आजची चुप्पी समजून घ्यायची तर आधी ते नियम पाहावे लागतात.

महाराष्ट्रात वारशाच्या बाबतीत मुख्य आधार मिताक्षरेचा. चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या काळात, कल्याणीच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. वेडा, जन्मजात मंदबुद्धीचा, आंधळा, पांगळा, असाध्य रोगाने ग्रासलेला अशांना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा नाही, पण त्यांचे पोषण करणे कुटुंबाला बंधनकारक आहे, असा याज्ञवल्क्याचा नियम. मनुस्मृतीतही तोच. नियम एवढ्यावर संपत नाही. अशा माणसाच्या मुलींना लग्न होईपर्यंत सांभाळायचे, सदाचाराने राहणाऱ्या बायकोला जन्मभर पोसायचे, आणि त्याचा मुलगा निर्दोष असेल तर बापाला न मिळालेला हिस्सा मुलाला द्यायचा. मिताक्षरेने यात आणखी एक दार उघडे ठेवले. वाटणीनंतर औषधोपचाराने दोष गेला, तर वाटणीनंतर जन्मलेल्या मुलाप्रमाणे त्यालाही भाग मिळावा. हजारभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथाने वेड बरे होऊ शकते हे गृहीत धरले होते, याची नोंद घ्यायला हवी. आपल्या समाजाला हे कधी माहीतच नव्हते, असे म्हणता येत नाही.

पण हाच नियम घरात उतरला की काय होते ते पाहा. वेड्याचा मुलगा वारस होऊ शकतो, अट एकच, तो निर्दोष असला पाहिजे. म्हणजे बापाच्या आजाराची सावली मुलावर पडली नाही, हे भाऊबंदांसमोर सिद्ध करण्याचे ओझे पुढच्या पिढीवर आले. ज्या चुलत्याला त्या मुलाचा हिस्सा नकोसा आहे, त्याची नजर त्या मुलावर असणार. पोराचा हट्ट, उशिरा बोलायला लागणे, रात्री दचकून उठणे, एखाद्या दिवशी शाळेला न जाता शेताच्या बांधावर एकटे बसून राहणे, या साध्या गोष्टींना अर्थ चिकटू लागतात. अशा घरातली आई मुलाला कोणासमोर रडूही देत नसेल तर त्यात अंधश्रद्धा कोठे आली? ती त्याची जमीन राखत होती.

इंग्रजी न्यायालयांनी हा नियम आपल्या पद्धतीने पक्का केला. आंधळेपण, बहिरेपण जन्मजात असेल तरच हिस्सा जातो, असा अर्थ त्यांनी लावला. वेडाला मात्र ही सवलत मिळाली नाही. वारसा खुला होतो त्या क्षणी माणूस वेडा असला, की पुरे. उलट, हिस्सा एकदा पदरात पडल्यावर वेड लागले तर तो काढून घेता येत नसे. याचा परिणाम असा झाला की सगळा प्रश्न एका तारखेवर येऊन ठेपला. बाप वारला त्या दिवशी मुलगा शुद्धीवर होता की नव्हता? मानसिक आजार येतो-जातो, वाढतो-ओसरतो. सहा महिने नीट नांगर धरणारा माणूस पुढचे दोन महिने घराबाहेर पडत नाही. कायद्याला मात्र एका दिवसाचे चित्र हवे होते, आणि ते चित्र उभे करणारे साक्षीदार बहुधा त्याच गावातले आणि त्याच भावकीतले. आजारी माणसाचे घर त्याचा आजार झाकण्यासाठी झटणार आणि समोरची बाजू तोच आजार फुगवून सांगणार, हे या व्यवस्थेत अटळ होते. ‘वेडा’ हा शब्द भाऊबंदकीत हत्यार म्हणून वापरला गेला तो यामुळे.

याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जाहीर उदाहरण कोल्हापूरचे. छत्रपती राजाराम १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यानंतर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज विशीत पोहोचण्याच्या आतच वेडे ठरवले गेले आणि कारभार इतरांच्या हाती गेला. महाराज खरोखर आजारी आहेत, की त्यांना छळून वेडे केले जात आहे, यावर सारा महाराष्ट्र बोलत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. पुराव्यादाखल पुढे आलेली पत्रे बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरला नजरकैदेत असताना पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. त्याच १८८३ साली आगरकरांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. ते ‘हॅम्लेट’चे भाषांतर, म्हणजे खरे वेड, पांघरलेले वेड आणि हिरावलेले राज्य यांचेच नाटक. महाराजांच्या आजाराचे निदान इतक्या वर्षांनी कोणी करू नये. पण त्या काळच्या मराठी वाचकाच्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली गेली असणार. छत्रपतींनाही वेडे ठरवता येते, आणि एकदा ठरवले की त्यांच्या हातात काही उरत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. एकत्र कुटुंबाने अशा माणसांना टाकले नाही, सांभाळले. आज जे वृद्धाश्रमात आणि रस्त्यावर दिसतात ते तेव्हा घरात जेवत होते. या म्हणण्याला आधुनिक संशोधनाचाही आधार दाखवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, त्यात भारतातले केंद्र आग्र्याचे होते. श्रीमंत देशांपेक्षा आग्र्यातले रुग्ण अधिक चांगले सावरले, असे आढळले. पुढे चंडीगडमध्ये झालेल्या अभ्यासात रुग्णावर टीका करण्याचे, त्याला टाकून बोलण्याचे प्रमाण लंडनच्या कुटुंबांपेक्षा कमी दिसले आणि अशा घरांतला आजार कमी उलटतो हेही दिसले. या निष्कर्षांवर नंतर शंका घेतल्या गेल्या, तरी ते सरसकट मोडीत काढावेत असे मला वाटत नाही. घरात माणसे जास्त, कामे अनेक प्रकारची, आजारी माणसालाही गुरे राखण्याचे किंवा पाणी भरण्याचे काहीतरी काम असायचे, आणि त्याच्याकडून फार अपेक्षा नसायची. हे आधार खरेच होते.

प्रश्न त्या आधाराच्या स्वरूपाचा आहे. वाटणीला पंच बसले की जमिनीचे तुकडे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बैल, तांब्या-पितळेची भांडी, सगळे मांडले जाई. शेवटी एक माणूस उरत असे, ज्याच्या नावावर काही नाही. त्याने कोणाच्या चुलीवर जेवायचे हे ठरवून कागदात तहहयात अन्नवस्त्राचे कलम घातले जाई. त्याला भाकरीचा हक्क होता, वाटणीत बोलण्याचा नव्हता. आणि ते कलम प्रत्यक्षात पाळायचे कोणी? भावाने सही केली तरी त्या माणसाला न्हाऊ घालणे, त्याचे कपडे धुणे, रात्री तो उठून गेला तर कंदील घेऊन पाहायला जाणे, त्याच्या शिव्या ऐकणे, हे भावजयीच्या वाट्याला आले. १९३७ सालचा, डॉ. गोपाळराव देशमुखांच्या खटपटीने झालेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा येईपर्यंत त्या भावजयीला स्वतःलाही त्या घराच्या मालमत्तेत हिस्सा नव्हता. हिस्सा नसलेल्या माणसाची सेवा हिस्सा नसलेल्या बाईने करायची, या पायावर एकत्र कुटुंबाची ती प्रसिद्ध माया उभी होती. तिचे गुणगान करताना ही बाई विसरली जाते, आणि तिच्या मनाचे काय झाले याची नोंद तर कोणीच ठेवली नाही.

सरकारी व्यवस्थेलाही कुटुंबच हवे होते. १८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांच्या कायद्यात, नातेवाईक आजारी माणसाला नीट सांभाळत नसतील किंवा त्याचा छळ करत असतील, तर मॅजिस्ट्रेट त्यांना सांभाळण्याचा हुकूम देऊ शकत असे. इस्पितळात जागा थोडी, तिथे जाणारे बहुतेक भटके, निराधार किंवा पोलिसांनी पकडलेले. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली इस्पितळे एकामागून एक उभी राहिली आणि त्या गावांची नावे मराठी बोलण्यात टोमण्यासारखी रुळली. पण आत गेलेल्या माणसामागचे घर त्या कागदांत जवळजवळ नसतेच. १८९३-९४ साली हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या आयोगाने इस्पितळांची दप्तरे तपासली. वेडाचे कारण म्हणून गांजा लिहिलेला, तो बहुतेक वेळा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसांच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला होता, आणि त्यावर विसंबता येत नाही, असे आयोगाला आढळले. कारणाचा रकाना भरायला हवा होता, घरच्यांना विचारायला कोणी नव्हते, आणि असलेच तर ते सांगणार नव्हते. या देशातल्या मानसिक आजारांच्या पहिल्या सरकारी आकड्यांत कुटुंबाची हकीकत अशी गळून गेली.

वाटणीचा नियम बदलायला १९२८ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने, जन्मापासून वेडा किंवा मंदबुद्धी असलेला सोडून, कोणालाही केवळ आजार किंवा व्यंग यांमुळे हिस्सा नाकारता येणार नाही असे ठरले. उरलेला अपवाद १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने काढून टाकला. हा मोठा बदल होता आणि मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात त्याची जितकी दखल घ्यायला हवी तितकी घेतली गेली नाही. विधवाविवाह, संमतिवय यांवर आपण ग्रंथ लिहिले. वेड्या माणसाला भावाइतकाच हिस्सा मिळाला, हे मात्र वकिलांच्या पुस्तकांत राहिले. कदाचित त्या माणसांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते म्हणून.

वाटणीचा अडसर निघाला, पण तोवर सोयरिकीचा कायदा येऊन बसला होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने विवाहाच्या वेळी वर किंवा वधू वेडी नसावी अशी अट घातली आणि असाध्य वेड हे घटस्फोटाचे कारण मानले. १९७६ च्या दुरुस्तीत मानसिक आजाराची व्याख्या रुंदावली, स्किझोफ्रेनियाचे नाव कायद्यात आले आणि वेडाबरोबर फेफऱ्याच्या झटक्यांचाही अटीत समावेश झाला. फेफरे तिथून काढायला १९९९ पर्यंत वाट पाहावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले की नुसते आजाराचे नाव पुरेसे नाही, तो किती तीव्र आहे ते पाहिले पाहिजे. पण न्यायालयात काय ठरले हे स्थळ पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. तिथे चौकशी चालते ती वेगळ्या मार्गाने, गावातल्या ओळखीच्या माणसाकडून, हलक्या आवाजात. मुलाचा पगार, शेती, घर विचारून झाले की घराण्याकडे गाडी वळते. ते मधले काका दिसले नाहीत साखरपुड्याला? आत्याबाई माहेरीच असतात का? या दोन प्रश्नांची उत्तरे घरातल्या प्रत्येकाने तोंडपाठ केलेली असतात.

यात बाई आणि पुरुष यांना वेगळा न्याय मिळाला. मुलगा आजारी असला की लग्न झाले म्हणजे सुधारेल, या आशेवर त्याला मुलगी शोधली जाते, म्हणजे पुन्हा सांभाळणारी एक बाई घरात आणली जाते. मुलगी आजारी असली की लग्नाच्या तोंडावर तिच्या गोळ्या बंद होतात, कारण सासरी गोळ्यांची पाकिटे सापडली तर काय? गोळ्या बंद झाल्या की आजार उलटतो, बहुतेक वेळा नेमका नव्या घरात, आणि तिला माहेरी आणून सोडले जाते. माहेरच्यांनी फसवले, असा आरोप होतो. मोठी बहीण अशी परत आली की धाकटीचे जमणे अवघड, म्हणून मोठीला माजघराच्या आत ठेवायचे. एका माणसाच्या आजाराचे ओझे भावंडांवर आणि भाच्या-पुतण्यांवर कसे पसरते, ते या एका साखळीत दिसते. आजार उपचाराने आटोक्यात राहिला असता. तो वाढला तो लपवण्यामुळे.

अंधश्रद्धेचे काय, असे कोणी विचारेल. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर, किती तरी दर्गे आणि मठ, तिथे पिढ्यानपिढ्या बाधा उतरवायला माणसे नेली गेली आणि आजही नेली जातात. त्यातून झालेले हाल मी नाकारत नाही. तमिळनाडूतल्या एर्वाडी इथे २००१ साली दर्ग्याजवळच्या निवासात साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण आगीत होरपळून मेले, ते विसरण्यासारखे नाही. पण बाधा मानण्यात घराला काय मिळत होते तेही पाहायला हवे. बाधा बाहेरची असते. ती रक्तातून येत नाही, मुलात उतरत नाही, आणि उतरवली की जाते. वाटणीत आणि सोयरिकीत घराण्यावर डाग लावणाऱ्या निदानापेक्षा हे निदान घराला किती तरी परवडणारे होते. व्हिएडा स्कल्टन्स या ब्रिटिश मानववंश-अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ साली लेख लिहिला. आजारी नवऱ्याला किंवा मुलाला घेऊन आलेल्या बायका तिथे मुक्काम करत, आणि अंगात येत असे ते या बायकांच्या. घरावरचे संकट आपण अंगावर घेतो आहोत, अशी त्यांची भावना होती. याला केवळ भोळेपणा म्हणणारा माणूस त्या बाईचे काम पाहत नाही. घरी तिने सेवा केली, देवळातही आजार तिनेच अंगावर घेतला.

शेवटचा आक्षेप विज्ञानाचा. हे आजार अनुवंशिक असतात, मग चौकशी करणाऱ्यांचे चुकले काय? अनुवंशाचा वाटा आहे, हे खरे. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एका माणसाला होतो. आई-वडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता दहात एकच्या आसपास जाते. म्हणजे दहांतल्या नऊ मुलांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही, निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. मधुमेहाचे, रक्तदाबाचे घराणे आपण उघडपणे सांगतो आणि त्यावर नजर ठेवतो. मानसिक आजाराच्या बाबतीत जोखीम तितकीच समजून घेण्याजोगी आहे, आणि ती माहीत असेल तर पहिली लक्षणे दिसताच डॉक्टरकडे जाता येते. लपवलेल्या घरात पुतण्याला झोप लागेनाशी होते, कानात आवाज येऊ लागतात, तेव्हा काकांचे काय झाले होते हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. आपल्यालाच हे पहिल्यांदा होते आहे, असे वाटून तो वर्ष-दोन वर्षे गप्प राहतो.

ही चुप्पी मोडली तीही घरच्या माणसांनीच. कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या कुटुंबातल्या अनुभवातून पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटालाही पाठबळ दिले. भार्गवी दावर यांनी पुण्यात उभी केलेली संस्था आपल्या आईच्या नावाने चालवली, तीच ‘बापू ट्रस्ट’. ज्या आईचा आजार लपवायचा, तिचे नाव संस्थेच्या पाटीवर आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही जुने गणित बदलले. केवळ आजार आहे म्हणून माणसाची बुद्धी शाबूत नाही असे धरता येत नाही, आणि घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला इस्पितळात डांबून ठेवता येत नाही. आपल्या वतीने कोणी बोलावे हे रुग्ण स्वतः ठरवू शकतो, साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आणि तो माणूस नात्यातलाच असला पाहिजे असे नाही. वाटणीत ज्याला बोलण्याचा हक्क नव्हता त्याला कायद्याने आता एवढा हक्क दिला आहे.

कायद्याने करायचे ते बरेचसे करून झाले आहे. घराने करायचे राहिले आहे. तुमच्या घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना, विशेषतः बायकांना, अजून आठवते की कोणत्या काकांना, कोणत्या आत्याला काय झाले होते, कोणत्या वयात सुरू झाले, कशाने आराम पडला, आणि त्यांना कोणी सांभाळले. ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारा, आजारी माणसाचे आणि सांभाळणाऱ्या बाईचेही नाव लिहून ठेवा, आणि घरातल्या तरुण मुलांना ते वाचायला द्या.